पाय हातात घेतल्यावर आपली जबाबदारी कोणती, आणि गैरवर्तन कशाला म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई जीएनएम (परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम) झालेल्या परिचारिका आहेत. मोठ्या रुग्णालयात मधुमेही पायांच्या विभागात काही वर्षं काम केलं, पायांच्या देखभालीचा एक सर्टिफिकेट कोर्स केला आणि आता तालुक्याच्या गावी स्वतःचं लहानसं केंद्र उघडलं आहे. पाय तपासणं, नखं काढणं, घट्टे आणि भोवऱ्या तासणं, ड्रेसिंग, चपलांचा सल्ला अशी कामं त्या करतात. त्यांना विचारायचं आहे की नक्की कुठपर्यंत जायचं. चपला बनवणारा दर जोडामागे कमिशन देऊ करतोय, ते घ्यावं का? जखम भरल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले तर चालतील का? उद्या कुणी तक्रार केली तर काय होतं? आणि सध्या ज्याने त्यांची झोप उडवली आहे तो रुग्ण: साठीच्या पुढचे शेतकरी, जुना मधुमेह, अंगठ्याखाली दोन महिन्यांपासून जखम. मुलगा म्हणतो, "ताई, तुम्हीच ड्रेसिंग करत राहा. हॉस्पिटलात नेलं की बोट कापतात."

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं थांबू शकतं आणि हे थांबू शकत नाही. त्या बाबांना याच आठवड्यात पायांचं काम करणाऱ्या सर्जनकडे पाठवा. दोन महिने न भरलेली जखम ड्रेसिंग बदलून भरणार नाही. तिच्यामागे तीनपैकी काहीतरी एक आहे, कदाचित तिन्ही: पायाला रक्त पुरत नाही, जंतू हाडापर्यंत गेले आहेत, किंवा जखमेवरचा भार कमी झालेला नाही. यातलं काहीही तुमच्या टेबलावर पूर्ण तपासता येत नाही. जखम कोरडी दिसते, वास नाही, बाबांना दुखत नाही, म्हणून धीर धरू नका. जुन्या मधुमेहाने पाय बधिर झालाय म्हणून त्यांना दुखत नाही, आणि हीच तर खरी काळजीची गोष्ट आहे.

मी शल्यचिकित्सक आहे आणि बरीच वर्षं मधुमेही पायांचंच काम करतो आहे. या कामाची नीतिमत्ता इतर शाखांपेक्षा वेगळी का, याचं उत्तर मला या बधिरपणात दिसतं. दात दुखला की माणूस रात्री दोनला उठून बसतो, डॉक्टर चुकला तर सकाळी येऊन जाब विचारतो. बधिर पायाचा माणूस जाब विचारत नाही. चपलेत खिळा घुसलेला घेऊन तो दिवसभर चालतो आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त बघून त्याला कळतं. तुम्ही ब्लेड जरा खोल नेलंत तरी तो "आई गं" म्हणत नाही. तुमचं ड्रेसिंग चुकीचं असेल तरी तो हसत नमस्कार करून जातो, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो आणि पैसेही देतो. दुखणं हा रुग्णाचा पहारेकरी असतो. इथे तो झोपलेला आहे आणि त्याच्या जागी आपल्याला उभं राहायचं आहे. जो रुग्ण तक्रार करूच शकत नाही त्याच्याशी कसं वागतो, हा आपल्या व्यवसायातला मुख्य प्रश्न.

ही समज आपल्याच देशात पक्की झाली. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करत होते. कुष्ठरोग्याचं मांस आपोआप सडतं, त्याच्या जखमा भरतच नाहीत, असा तोवर सर्वसाधारण समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जखमा होतात त्या बधिर पायावर पुनःपुन्हा पडणाऱ्या भारामुळे. भार काढला, पाय प्लास्टरमध्ये नीट बसवला, तर त्याच जखमा भरतात. पुढे हेच तत्त्व मधुमेही पायांना लागू झालं. ज्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आज तुम्ही मधुमेहींना सुचवता, त्याही कुष्ठरोगाच्या कामातूनच आल्या. हे सांगण्याचं कारण असं की भार न काढता नुसतं ड्रेसिंग करत राहणं ही अर्धवट सेवा आहे, आणि ती अर्धवट आहे हे ठाऊक असताना पूर्ण असल्यासारखे तिचे पैसे घेणं हे गैरवर्तन आहे.

आता मुख्य मुद्दा. गैरवर्तन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चुकीचं ऑपरेशन, पैशांची लूट, बोगस डिग्री येते. तेही असतं. पण माझ्याकडे जे पाय गुडघ्याखाली कापावे लागण्याच्या अवस्थेत येतात, त्यांतल्या बहुतेकांची कहाणी अशी नसते. कुणीतरी प्रेमाने, नियमाने, स्वस्तात, एक दिवसाआड ड्रेसिंग करत राहिलेलं असतं. हेतू चांगला, हात स्वच्छ, पण रुग्ण सोडला नाही. "अजून एक आठवडा बघू" असं म्हणत सहा आठवडे गेले. कधी गिऱ्हाईक जाईल ही भीती असते, कधी आपल्याला जमत नाही हे कबूल करायचा संकोच, कधी घरच्यांचा आग्रह. कारण काहीही असो, पायाच्या व्यवसायातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी नोंदलं जाणारं गैरवर्तन हेच आहे: रुग्ण वेळेवर पुढे न पाठवणं. ब्लेड घसरून झालेली जखम दिसते, तिची तक्रार होते. उशिराने गेलेला पाय मात्र "शुगरमुळे गेला" असं म्हणून सगळे गप्प बसतात.

म्हणून पाठवायचं कधी, हे आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. मनाच्या कौलावर सोडू नका, कारण रुग्ण समोर बसलेला असताना मन नेहमी "थांबून बघू" म्हणतं. त्याच दिवशी पाठवायचे ते असे: ताप किंवा थंडी वाजणं, जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे पसरलेली, पू, घाण वास, किंवा दाबल्यावर कातडीखाली कुरकुर, बोट काळं-निळं पडलेलं, पाय गार आणि नाडी हाताला न लागणारी, बोथट सळई जखमेत घातल्यावर हाडाला टक्कन लागणारी. आणि एक असं, जे हमखास निसटतं: जखम नाही, पण पाऊल अचानक सुजलं आहे, लाल आहे, दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागतंय आणि रुग्ण म्हणतो "मुरगळला असेल". हा शार्कोचा पाय असू शकतो, म्हणजे बधिर पायातली हाडं-सांधे आतून ढासळायला लागणं. सुरुवातीला एक्स-रेही साफ येतो. अशा पायाला मालीश केली, शेकलं आणि चालायला सांगितलं तर काही आठवड्यांत पावलाची कमान कोसळते आणि ती पुन्हा उभी राहत नाही. हातात ठेवायचं साधं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. दोन्ही पावलांच्या त्याच जागी दोन अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसला की भार बंद करा आणि पाठवा.

घाई नसलेल्या जखमांसाठीही मर्यादा ठेवा. पहिल्या दिवशी जखमेची लांबी-रुंदी मोजून लिहायची. नीट ड्रेसिंग आणि भार कमी करूनही चार आठवड्यांत तिचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर ती तुमच्याकडे भरणार नाही असं धरून चाला. बाबांची जखम या मर्यादेच्या दुप्पट पुढे गेली आहे.

पाठवणं म्हणजे "मोठ्या दवाखान्यात जा" असं तोंडी सांगणं नाही. चिठ्ठी लिहा: जखम केव्हापासून, मापं काय, संवेदना कशी, नाडी लागते का, काय ड्रेसिंग केलं, कोणती औषधं चालू आहेत. स्वतः फोन करून वेळ घ्या. दोन दिवसांनी गेले का ते विचारा. गेले नसतील तर पुन्हा सांगा आणि सांगितल्याची नोंद करा. आणि परत आल्यावर पुढचं ड्रेसिंग करायला तुम्ही आहातच, हे त्यांना कळू द्या. पुढे पाठवणं आणि वाऱ्यावर सोडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वाऱ्यावर सोडणं हाही कर्तव्यभंगच.

मुलाच्या वाक्यावर जरा थांबतो. "हॉस्पिटलात नेलं की बोट कापतात" हा अडाणीपणा नाही. त्याने गावात तसं पाहिलेलं असणार, आणि कधीकधी रक्तपुरवठा न तपासताच घाईने बोटं कापली जातात हेही खरं आहे. त्याला खोडून काढू नका. त्याला सांगा की आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी मागायची. रक्त कमी असेल तर ते वाढवता येतं का हे विचारायचं. बोट काढायचं म्हणाले तर का आणि कुठपर्यंत हे विचारायचं. हवं तर दुसरं मत घ्यायचं. आणि हेही सांगा की हाडापर्यंत गेलेला जंतू वेळेत एका बोटासकट काढला तर बाकीचा पाय राहतो, तो वेळ गेला तर प्रश्न बोटाचा राहत नाही. "काही कापावं लागणार नाही" अशी हमी मात्र देऊ नका. ती तुमच्या हातात नाही.

आता कुठपर्यंत जायचं ते. २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या परिशिष्टात पोडियाट्रिस्टचा (पायांच्या उपचारांचा प्रशिक्षित व्यावसायिक) उल्लेख आहे, पण अल्प मुदतीचा कोर्स केला म्हणजे ते बिरूद मिळालं असं होत नाही. तुमची कायदेशीर ओळख नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ही आहे. पाटीवर तेवढंच लिहा: नाव, नोंदणीकृत परिचारिका, पाय तपासणी व देखभाल. "डॉ." नको, "फूट स्पेशालिस्ट" नको. ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट आणि किरोपोडिस्ट (त्याचंच जुनं नाव) ही दोन्ही नावं कायद्याने राखीव आहेत. आरोग्य व काळजी व्यवसाय परिषदेत नोंद नसताना ती लावणं हाच गुन्हा आहे, आणि नोंद असलेल्याने मर्यादा ओलांडली तर ताकीद, अटी, निलंबन आणि शेवटी नोंदणी रद्द, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. आपल्याकडे इतकी नेमकी चौकट अजून बसलेली नाही. म्हणून आपण आपली चौकट जास्त घट्ट ठेवायची.

तुमच्या जागी मी असतो तर तपासणी, शिक्षण, नखं, वरवरचे घट्टे, ठरवून दिलेलं ड्रेसिंग आणि चपलांचं माप एवढं स्वतंत्रपणे केलं असतं. अँटिबायोटिक स्वतःहून लिहून देणं, इन्सुलिनचा डोस बदलणं, पू काढायला चीर देणं, नख मुळापासून उपटणं, रक्त येईपर्यंत मांस साफ करणं, यांतलं काहीही डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय केलं नसतं. महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ नोंदणी नसलेल्याला वैद्यकीय व्यवसाय करायला मनाई करतं. १९९६ मध्ये मुंबईच्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की होमिओपॅथीची पात्रता असलेल्याने ॲलोपॅथीची औषधं देणं हाच मुळात निष्काळजीपणा. वेगळा पुरावा लागत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने निष्काळजीपणाचे दोन मार्ग सांगितले: जे कौशल्य आपल्याकडे आहे असं दाखवलं ते नसणं, किंवा असलेलं कौशल्य वाजवी काळजीने न वापरणं. पहिला मार्ग पाटीपासूनच सुरू होतो, हे ध्यानात घ्या.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत, पण ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांनाच. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, कोर्स केलेला तंत्रज्ञ यांना ती नाही. पायातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने माणसं दगावतात, म्हणून हे कलम आपल्यापासून लांब आहे असं समजू नये.

संमतीबद्दल. छापील कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. २००८ च्या समीरा कोहली निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीला दिलेली संमती उपचाराला पुरत नाही, आणि एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. आपल्या कामात याचं रोजचं उदाहरण जोडव्यांचं. बोट सुजलेलं आहे, जोडवं रुतलं आहे, ते कापलंच पाहिजे. वैद्यकीयदृष्ट्या दोन मिनिटांचं काम. पण त्या बाईला न विचारता कटर लावला तर तुम्ही तिचं काय कापलंत हे तिच्या चेहऱ्यावर दिसेल. आधी सांगा, का ते दाखवा, घरच्यांशी बोलायचं असेल तर बोलू द्या, कापलेलं चांदीचं जोडवं कागदात बांधून तिच्याच हातात द्या. मी आजवर अशी बाई पाहिली नाही जिने समजावल्यावर नकार दिला. न विचारता कापल्यामुळे पुन्हा दवाखान्याची पायरी न चढलेल्या मात्र पाहिल्या आहेत.

नकाराचा प्रसंग दर आषाढात येतो. तळव्याला जखम असलेले आजोबा म्हणतात, वारी चुकवणार नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, पावसात, अनेकदा अनवाणी. इथे आपलं कर्तव्य दोन टोकांच्या मधे आहे. "जायचं नाही" असा दम देऊन मोकळं होणं सोपं, "माउली सांभाळतील" म्हणून मान डोलावणं त्याहून सोपं. दोन्ही नको. त्यांना स्पष्ट सांगायचं की या जखमेने चाललात तर पाय जाऊ शकतो. वाहनाने टप्पे करता येतील का, पंढरपुरात थेट पोचता येईल का, ते विचारायचं. सगळं ऐकूनही ते निघालेच तर पाय त्यांचा आणि निर्णय त्यांचा. आपण जास्तीत जास्त भार कमी करणारी पादत्राणं, ड्रेसिंगचं सामान, रोज पाय बघणारा दिंडीतला एक माणूस आणि फोन नंबर एवढं द्यायचं, दिलेला सल्ला लिहून ठेवायचा, आणि परत आल्यावर टोमणा न मारता पाय हातात घ्यायचा. सल्ला मानला नाही म्हणून रुग्णाला तोडणं मला कधीच पटलेलं नाही.

चपलांच्या कमिशनचं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात काहीही घेणं-देणं मना आहे. ती संहिता तुम्हाला थेट लागू नाही, पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर फरक काय? ज्या माणसाला पायाखाली काय आहे हे कळत नाही तो तुमच्या शब्दावर दोन-तीन हजारांचा जोड घेतो. त्या शब्दात तुमचा वाटा आहे हे त्याला ठाऊक नसेल तर ती फसवणूक आहे. शिवाय तुमच्यासाठी धोका वेगळाच: जोड चुकीचा बसला तर परत पाठवताना तुमची जीभ अडखळेल. तुम्ही स्वतः इनसोल बनवत असाल तर त्याचा दर उघड लिहा, पावती द्या. बाहेरून घ्यायचा असेल तर मापाची चिठ्ठी रुग्णाच्या हातात द्या आणि गावातल्या कुठल्याही चांगल्या कारागिराकडे जायला मोकळीक द्या.

महागड्या ड्रेसिंगचा मोहही याच जातीचा. पेशींची वाढ घडवणाऱ्या घटकांची (ग्रोथ फॅक्टर) जेलं, चांदीची ड्रेसिंगं, रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्स यांना योग्य जागी उपयोग आहे. पण पायाला रक्त पोचतंय का हे न पाहता त्यांचा मारा करणं म्हणजे गरीब घराचा कापूस विकलेला पैसा वाया घालवणं. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे हे कळतं. जुन्या मधुमेहात धमन्या चुन्याने कडक होतात आणि हेच गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं, कधी १.३ च्याही वर जातं. तेव्हा आकडा बरा आला म्हणून नाडी न लागणाऱ्या पायाला बरं म्हणू नका. तसंच तळव्याची संवेदना तपासायच्या मोनोफिलामेंटचं. दहा ग्रॅमचा तो नायलॉनचा तंतू वापरून वापरून थकतो. साधारण दहा रुग्णांनंतर त्याला एक दिवस विश्रांती लागते. वाकडा झालेला तंतू वर्षभर वापरून "संवेदना आहे, संवेदना नाही" लिहीत राहणं मला खोटी नोंद करण्याइतकंच गंभीर वाटतं.

जाहिरातीचं सांगतो. "गँगरीनवर खात्रीशीर इलाज", "बोट न कापता मधुमेही जखम बरी" अशा पाट्या आणि रील्स तुम्ही पाहिल्या असतील. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह आणि गँगरीन ही दोन्ही नावं आहेत. हे बरे करणाऱ्या औषध-उपचाराची जाहिरात करणं गुन्हा आहे, करणारा कुणीही असो. केंद्राचं नाव, वेळ, सेवा, दर एवढं सांगा.

फोटो आधी आणि नंतर काढाच, पण ते उपचाराच्या नोंदीसाठी. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचे असतील तर वेगळी, लेखी, कधीही मागे घेता येणारी संमती हवी. पायाचा फोटो म्हणजे ओळख पटत नाही असं समजू नका. गोंदण, जोडवी, जुनं भाजल्याचं व्रण यांवरून गावात पाय लगेच ओळखला जातो. आणि अमक्याच्या मुलीच्या वडिलांना पायाची अशी जखम आहे ही बातमी लग्नाच्या बोलणीपर्यंत जाते. पावलावर कुष्ठरोगाच्या खुणा दिसल्या तर ही जपणूक आणखी कडक ठेवा.

अवजारांबाबत तडजोड चालत नाही. उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) घ्या, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं, आणि प्रत्येक फेरीची नोंद. ब्लेड एका रुग्णाला एकच. नख घासायच्या ड्रिलची धूळ तुमच्या छातीत जाते म्हणून मास्क तुमच्यासाठीही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, ब्लेड आणि सुया पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत यातलं काहीही जाता कामा नये. तिथे कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताचा विचार करा.

एक गोष्ट कोणत्याही नियमात नाही, तरी मी ती कर्तव्यातच धरतो. आपल्याकडे पाय दुसऱ्याला लागणं हा अपमान. म्हाताऱ्या बाया पाय पुढे करताना संकोचतात, आपल्या हाताला पाय लागला की चटकन वाकून नमस्कार करतात. कित्येकजण तपासणीला येतच नाहीत ते या लाजेपोटी: पायाला वास येतो, चिखल्या झाल्यात, भेगा आहेत. नाक मुरडणं, मदतनिसाला "तू बघ" म्हणणं, सगळ्यांदेखत "किती घाण" म्हणणं, याने तो माणूस पुढची दोन वर्षं बूट काढणार नाही. पडदा असू द्या, पाय धुवायची सोय आत असू द्या, आणि हात लावताना स्वतः खाली बसा.

दुसऱ्याचं चुकीचं काम समोर आलं तर? भोवरीवर सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी लावून खोल जळालेला मधुमेही पाय, किंवा गरम पाण्यात बुडवायला सांगून भाजलेले तळवे तुमच्याकडे येतीलच. रुग्णासमोर त्या माणसाचा उद्धार करू नका, पण काय झालंय ते रुग्णापासून लपवूही नका. जमल्यास ज्याने केलं त्याला फोन करा. तेच पुन्हापुन्हा घडत असेल, किंवा पात्रता नसलेला कुणी चिरफाड करत असेल, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी कळवा. डॉक्टरांच्या संहितेत तर सहव्यावसायिकाचं अनैतिक वर्तन निर्भयपणे उघड करणं हे कर्तव्य म्हणूनच लिहिलेलं आहे. तुमच्या स्वतःच्या हातून काही झालं, ब्लेड लागलं, पट्टी घट्ट बसून फोड आला, तर त्याच बैठकीत रुग्णाला सांगा. त्याला ते जाणवलेलं नसतं, म्हणून तर सांगायचं.

राहिली तक्रार. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार होऊ शकते. तुमच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल नर्सिंग कौन्सिलकडे, डॉक्टरांच्या बाबतीत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. सगळीकडे पहिला प्रश्न एकच येतो: त्या दिवशी काय पाहिलं आणि काय केलं, ते कुठे लिहिलंय? डॉक्टरांना किमान तीन वर्षं नोंदी ठेवाव्या लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. तुम्हीही तोच दंडक पाळा, आणि जखमेच्या रुग्णांच्या नोंदी शक्य तितक्या जास्त ठेवा. तारीख, माप, नाडी, संवेदना, तापमान, दिलेला सल्ला, नाकारलेला सल्ला. नोटीस आली तर घाबरून जुन्या पानावर एक अक्षरही वाढवू नका. काही राहून गेलं असेल तर आजची तारीख घालून वेगळ्या कागदावर लिहा, मूळ नोंदीची प्रत रुग्णाला द्या, आणि वकिलाकडे जाताना मूळ वही सोबत न्या.